थांबला तो संपला?

'थांबला तो संपला' ही ओळ मी पहिल्यांदा कुठे वाचली ते सांगता येणार नाही, कारण ती सगळीकडेच असते. शाळेच्या भिंतीवर, एसटी स्टँडसमोरच्या करिअर अकॅडमीच्या फ्लेक्सवर, जिमच्या आरशावर, सकाळी सहाला येणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये. आमच्या रनिंग ग्रुपच्या टी-शर्टच्या पाठीवरही तीच आहे. मागून येणाऱ्याने दमून मान वर केली की समोर हेच वाक्य.

या वाक्याशी मला थोडं भांडायचं आहे. जिद्द हा नेहमीच सद्गुण असतो का? पाय नको म्हणत असताना पुढे जाणं केव्हा मोठेपणाचं असतं आणि केव्हा नुसता हट्ट? आणि ज्याच्याकडे थांबायची सोयच नाही, त्याच्या पुढे जाण्याला आपण जिद्द म्हणावं का?

हे प्रश्न एसीत बसून सोपे वाटतात. म्हणून ते एका ठरावीक जागी नेऊन विचारू: भंडारा जिल्हा, मे महिना, चढाचा रस्ता.

तारीख कोण निवडतं?

भंडाऱ्यात चढ कुठे आहे, असं बाहेरचा माणूस विचारेल. वैनगंगेचं खोरं, धानाच्या बांध्या, तलाव-बोड्या, सगळा सपाट मुलूख. पण तुमसर तालुक्यात उत्तरेकडे गेलं की सातपुड्याच्या रांगा लागतात. अंबागडचा किल्ला, गायमुखचं जंगल, आणि मग मध्य प्रदेश. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरून करतो आणि आठवड्यातून चार दिवस पळतो. चढाचा सराव करायचा तर आम्हाला याच बाजूला यावं लागतं.

आता महाराष्ट्रातल्या मोठ्या शर्यतींचं कॅलेंडर बघा. मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली, ती जानेवारीत होते आणि पूर्ण अंतराचे धावपटू उजाडायच्या आधीच निघतात, तरी शेवटी पेडर रोडचा चढ येतो तेव्हा ऊन लागतंच. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत फिरायचं. चढ भरपूर, पण हवा पावसाळी, डोंगर हिरवा. ज्यांना तारीख निवडता येते ते ऊन टाळतात, आणि हा शहाणपणाच आहे.

अडचण सरावाची असते. पावसाळ्यानंतर घाट चढायचा तर तयारी उन्हाळ्यात सुरू होते. आमच्या ग्रुपमध्ये मे महिन्यात प्रस्ताव आला, की एका रविवारी चढाच्या रस्त्यावर पूर्ण 42 किलोमीटर करू. ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी माणूस, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याचं म्हणणं होतं, "इथल्या उन्हात जो पळाला, त्याले घाट म्हणजे काय आहे?" दोन दिवस ग्रुपवर वाद चालला. एकाने लिहिलं की हा वेडेपणा आहे. त्याला उत्तर म्हणून आमच्याच टी-शर्टच्या पाठीचा फोटो आला.

दादाच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे आधी सांगतो. शरीराला उन्हाची सवय होते. रोज थोडा वेळ गरम हवेत व्यायाम केला तर दहा-चौदा दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं. पण ही सवय हप्त्याहप्त्याने लागते. एका रविवारी सगळं कर्ज एकदम फेडायला गेलं तर शरीर हिशेब वेगळा करतं.

मेंदू आधी तापतो

हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यातला साधारण पाव भागच हालचालीत जातो, उरलेली सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायची तर घाम सुकायला हवा. नुसता घाम गळून उपयोग नाही, तो त्वचेवरून वाफ होऊन गेला पाहिजे. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर तीही थोडी उष्णता नेते. पण आमच्याकडे मेमध्ये पारा 45च्या आसपास जातो, तेव्हा हवाच तुम्हाला उष्णता देऊ लागते.

त्यात चढ. सपाटीवर पळताना तुमच्या वेगाने अंगावर वारा येतो. चढावर वेग निम्म्यावर येतो, वारा बंद होतो, पण स्नायूंची भट्टी तशीच पेटलेली असते. म्हणजे चढावर तुम्ही हळू असता आणि तरीही जास्त तापता.

शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की उष्माघाताची हद्द सुरू होते, आणि खरी गोम इथे आहे. उष्माघाताची ठळक खूण म्हणजे डोकं बिघडणं. माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, चिडतो, "मी ठीक आहे" असं ठासून सांगतो. थांबायचं की नाही हे ज्याने ठरवायचं तो अवयवच अशा वेळी भरवशाचा राहत नाही. म्हणून 'शरीराचं ऐका' हा सल्ला उन्हात अपुरा पडतो. ऐकणाराच जागेवर नसेल तर ऐकणार कोण?

तुमच्या हातातल्या फोनचं उदाहरण घ्या. मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर तो दहा मिनिटं राहिला तर स्क्रीन आपोआप मंद होते, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि तरीही भागलं नाही तर 'फोन थंड होऊ द्या' असा संदेश देऊन काम बंद करतो. ही सोय इंजिनिअरने आधीच करून ठेवलेली असते, चिप थंड असताना. तापलेल्या चिपला कुणी विचारत बसत नाही की बाई, तुझी इच्छा काय आहे. आणि फोन बंद पडला म्हणून त्याला भित्रा कुणी म्हणत नाही.

शर्यतींच्या जगातही असा नियम आहे. 1950च्या दशकात अमेरिकन मरीनच्या प्रशिक्षण छावण्यांत नवे जवान उन्हात कोसळू लागले, तेव्हा तिथल्या संशोधकांनी उन्हाचा एक नवा निर्देशांक काढला. त्यात ओल्या कापडाने गुंडाळलेल्या थर्मामीटरला 70 टक्के वजन, काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला 20 टक्के आणि साध्या थर्मामीटरला फक्त 10 टक्के. म्हणजे नुसता पारा बघू नका, घाम सुकतोय का आणि ऊन थेट किती लागतंय ते बघा. हा आकडा 28च्या वर गेला तर लांब पल्ल्याची शर्यत घेऊ नये, अशी अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांच्या संघटनेची जुनी शिफारस आहे. आकडा ओलांडला की काळा झेंडा. त्यात कुणाच्या जिद्दीचा प्रश्नच येत नाही.

सेंट लुईसचा रस्ता

असा नियम नसतो तेव्हा काय होतं, ते 30 ऑगस्ट 1904 रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये दिसलं. ऑलिंपिकची मॅरेथॉन भर दुपारी सुरू झाली. तापमान 32 अंशांच्या आसपास, रस्ता मातीचा, वाटेत टेकड्या, आणि पुढे-मागे चालणाऱ्या मोटारी धावपटूंच्या तोंडावर धूळ उडवत होत्या. पाणी मिळण्याच्या जागा वाटेत दोनच. हा गलथानपणा नव्हता. आयोजक जेम्स सुलिव्हन यांना पाण्याशिवाय माणूस किती पळू शकतो हे बघायचं होतं.

32 जण निघाले, 14 पोचले. विल्यम गार्सिया नावाचा धावपटू रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला, धुळीने त्याच्या पोटात रक्तस्राव झाला होता. फ्रेड लॉर्झ पेटके आल्यावर मोटारीत बसला, पुढे उतरून पळत सगळ्यात आधी मैदानात शिरला, आणि लबाडी उघडी पडल्यावर बाद झाला. टॉमस हिक्स पाणी मागत होता. त्याच्या साथीदारांनी पाणी पिऊ दिलं नाही, ओल्या स्पंजने तोंड पुसलं, आणि अंड्याच्या पांढऱ्यासोबत स्ट्रिक्निन दिलं. तेच स्ट्रिक्निन, जे उंदीर मारायला वापरतात. वर ब्रँडी. शेवटी त्याला भास होऊ लागले होते. तो 3 तास 28 मिनिटं 53 सेकंदांत पोचला आणि सुवर्णपदक त्याला मिळालं.

लॉर्झची लबाडी लबाडीच होती, पण एक गोष्ट बघा. पेटके आले तेव्हा तो थांबला, आणि पुढच्याच वर्षी बोस्टनची मॅरेथॉन सरळ मार्गाने जिंकला. हिक्स थांबला नाही. आणि खरं म्हणजे त्याचं न थांबणं त्याचं राहिलंच नव्हतं. ते त्याच्या साथीदारांचं होतं. विष पाजून, पाणी नाकारून पुढे ढकललेल्या माणसाच्या धावण्याला आपण जिद्द कसं म्हणायचं?

याउलट 1984. लॉस एंजेलिसमध्ये बायकांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हाने वाकडी झालेली स्टेडियममध्ये शिरली. एक हात लोंबतोय, एक पाय ओढतोय. शेवटच्या 400 मीटरला तिला 5 मिनिटं 44 सेकंद लागले. डॉक्टर तिच्या बाजूने चालत होते. त्यांनी हात लावला असता तर ती बाद झाली असती. ते तिचा घाम बघत होते. घाम येतोय, म्हणजे शरीर अजून स्वतःला थंड करू पाहतंय. म्हणून त्यांनी तिला जाऊ दिलं. ती 37वी आली आणि लवकरच सावरली.

दोन्ही चित्रं वरवर सारखी दिसतात, कारण दोघंही झोकांड्या खात शेवटची रेषा गाठतात. पण एकाच्या बाजूला पाणी नाकारणारे लोक आहेत, दुसरीच्या बाजूला तिला थांबवायला तयार असलेले. माझ्या मते तिच्या जिद्दीला अर्थ येतो तो त्या डॉक्टरांमुळे. कुणीतरी थांबवू शकत होतं, ती स्वतःही थांबू शकत होती, आणि तरी ती गेली.

विसावा

'थांबला तो संपला' हे आपल्या मातीतलं शहाणपण आहे, असं समजण्याचं कारण नाही. आपल्याकडे पायी चालण्याची सगळ्यात मोठी परंपरा वारीची. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्या वाटेत दिवे घाटाचा चढ आहे. आणि ज्ञानेश्वर माउलींची पालखी तो चढ चढून गेली की सासवडला दोन मुक्काम करते. रोजच्या वाटचालीतही विसाव्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कुठे थांबायचं हे निघायच्या आधीच ठरलेलं असतं, आणि थांबणं हा वारीचाच भाग मानला जातो. विसावा घेतला म्हणून वारकऱ्याला कुणी कच्चा म्हणत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यात मूढ हट्टाने, स्वतःला पिडून केलेल्या तपाला तामस म्हटलं आहे, म्हणजे तिन्हींत खालचं. शरीराला छळलं की आपोआप काहीतरी उंच घडतं, ही समजूत गीतेला मान्य नाही.

आणि आमच्या जिल्ह्यातलंच सांगायचं तर पवनी. वैनगंगेच्या काठी असलेल्या या गावात 1969-70 साली उत्खनन झालं आणि मौर्यकाळाच्या आसपासच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. ज्यांच्यासाठी ते स्तूप उभे राहिले त्या बुद्धांच्या आयुष्यातली एक महत्त्वाची घटना म्हणजे थांबणं. उपाशी राहून, श्वास कोंडून, हाडांचा सापळा होईपर्यंत त्यांनी तप केलं. मग ठरवलं की ही वाट चुकीची आहे, आणि अन्न घेतलं. बरोबरच्या पाच जणांनी त्यांना सोडलं, कारण त्यांच्या लेखी गौतम हरला होता. धावपटूंच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्या नावापुढे डीएनएफ लागलं, म्हणजे 'शर्यत पूर्ण केली नाही'. मध्यम मार्ग सुरू होतो तो त्या डीएनएफपासून.

आमच्या त्या रविवारचं सांगतो. आम्ही पहाटे साडेतीनला निघालो. मी 21वर वळणार हे आधीच सांगितलं होतं आणि वळलो. चौघं पुढे गेले. त्यातला एक, बी.एड. करणारा पोरगा, तिसाव्या किलोमीटरच्या आसपास मोहाच्या झाडाखाली बसला आणि फोन करून म्हणाला, "बाईक घेऊन ये. मला थंडी वाजून ऱ्हायली." मेमध्ये थंडी. अंगावर काटा येणं, हुडहुडी भरणं ही धोक्याची खूण आहे आणि ती त्याला माहीत होती. दादा म्हणत होता, आता बाराच उरले. तो उठला नाही. संध्याकाळी ग्रुपवर त्याच्यासाठी स्टिकर आलं, तेच वाक्य आणि खाली रडणारं कार्टून. सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. त्यानंतर तो ग्रुपवर फारसा बोलत नाही.

त्या दिवशी आमच्यातलं सगळ्यात अवघड काम त्यानेच केलं, असं मला वाटतं. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते धैर्य हे भित्रेपणा आणि बेफिकिरी यांच्या मधे असतं. मधली जागा कुठे आहे हे मात्र ज्याचं त्याला, त्या त्या प्रसंगी शोधावं लागतं. बारा किलोमीटर उरलेले असताना, तीन मित्र बघत असताना, ती जागा झाडाखाली आहे हे ओळखणं सोपं नसतं.

"ते इकता येते का?"

इथे लेख संपला असता तर सगळं सोयीचं झालं असतं. वेळीच थांबा, शहाणे व्हा, पाणी प्या. पण त्याच सकाळी त्याच रस्त्यावर दुसरे लोकही होते.

मे हा आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. बिडीची पानं. दोन-तीन आठवड्यांचा खेळ. बाया-माणसं अंधारातच जंगलात शिरतात, वाकून वाकून पानं खुडतात, डोक्यावर गाठोडं घेऊन चढउतार तुडवत घरी येतात. मग दुपारभर सगळं घर बसून 70-70 पानांची पुडकी बांधतं, आणि ती संकलन केंद्रावर मोजून द्यायची. पैसे पुडक्यांच्या हिशेबाने. त्याच्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, नंतर जुलैमध्ये रोवणी. अंगाला आराम असा ऋतू नाही.

21वरून वळून मी एका नाल्याच्या पुलावर बाईकवाल्या मित्राची वाट बघत बसलो होतो. तीन बाया जंगलातून वर आल्या. त्यातल्या वयस्क बाईंनी माझ्याकडे, माझ्या बुटांकडे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"कायले धावता जी, बाबू? कोनी पैसे देते का?"

"नाही मावशी. आम्हीच पैसे भरतो."

"आन मंग भेटते काय?"

"मेडल भेटते."

त्या हसल्या. "ते इकता येते का?"

दुसरी म्हणाली, "चाल वो, ऊन चढून ऱ्हायलं." आणि त्या गेल्या. माझ्या घड्याळात तेव्हा 21 किलोमीटर आणि बरेच मीटर चढ नोंदलेला होता. त्यांचं अंतर कुठल्याच अ‍ॅपवर नव्हतं.

यावर दोन झटपट प्रतिक्रिया येतात, आणि मला दोन्ही अपुऱ्या वाटतात.

पहिली म्हणजे 'हेच खरे धावपटू, यांच्या जिद्दीला सलाम.' सोशल मीडियावर असे व्हिडिओ रोज येतात, मागे सतारीचं संगीत लावून. या सलामात एक गैरसोयीची गोष्ट झाकली जाते. तिसाव्या किलोमीटरला आमच्या पोराला थंडी वाजली तेव्हा तो बसला, बाईक आली, संध्याकाळी जेवण तयार होतं. हंगामाच्या मधे तेंदूवालीला थंडी वाजली तर त्या दिवसाची पुडकी गेली. तिला थांबणं परवडत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याच्या चालण्याला जिद्द म्हणून गौरवणं म्हणजे अडचणीला अलंकार घालणं. कौतुक केलं की वाटतं आपण काहीतरी दिलं, आणि मग आणखी काही द्यायची गरज उरत नाही.

दुसरी प्रतिक्रिया उलटी आहे. 'त्या नाइलाजाने करतात, म्हणजे त्यात सद्गुण कसला?' याला पुस्तकी आधार आहे. अ‍ॅरिस्टॉटलच म्हणतो की मागून फटक्यांची भीती असल्यामुळे जो सैनिक जागा सोडत नाही, त्याचं धैर्य अस्सल नव्हे. पण हेही मला पटत नाही. जंगलात जाणं त्या बाईंच्या हातात नसेल, पण कसं जायचं ते आहे. कुठलं पान घ्यायचं, कुठलं झाडावर ठेवायचं, किती ओझं आपण घ्यायचं आणि किती सोबतच्या पोरीला द्यायचं, अस्वलाचा माग दिसला की कुठून वळायचं, पाण्याची बाटली कुणाला आधी. या सगळ्यात कसब आहे, निर्णय आहे, एकमेकींची काळजी आहे. हे सगळं 'नाइलाज' या एका शब्दात कोंबणं म्हणजे त्यांचं माणूसपण काढून घेणं.

बारामतीच्या लताबाई करेंची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. साठी ओलांडलेल्या, नऊवारीत, अनवाणी त्या मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि जिंकल्या, कारण नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते. पुढे त्यांच्या नावाचाच सिनेमा निघाला. ती गोष्ट ऐकताना छाती भरून येते. पण बरोबरच एक प्रश्न यायला हवा की नवऱ्याच्या तपासणीसाठी एका म्हातारीला शर्यत का जिंकावी लागते? लताबाईंचं धैर्य खरं आहे. आणि ज्या परिस्थितीत ते लागलं ती परिस्थिती लाजिरवाणी आहे. पहिली गोष्ट खरी मानली म्हणून दुसरी खोटी होत नाही.

म्हणून मी असं मांडतो. त्या बाईंकडे जिद्द आहे की नाही हे ठरवणं माझं काम नाही. ती त्यांची मिळकत आहे, त्यांनी ती हवी तशी मिरवावी. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच की त्यांना थांबता यावं यासाठी काय लागतं. ज्याला थांबता येतं त्याचं न थांबणं कौतुकाचा विषय होऊ शकतं. ज्याला थांबता येत नाही त्याचं न थांबणं हा आधी न्यायाचा विषय असतो.

थांबण्याचा कायदा

हा विचार नवा नाही. भंडाऱ्याशी नातं असलेल्या एका माणसाने तो कायद्यात आणला होता. 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, हे आमच्याकडच्या बऱ्याच घरांत अजून हळहळून सांगितलं जातं. त्याआधी, 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1946च्या दुरुस्तीने कारखान्यांतल्या कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. आपण याला कामाच्या तासांचा कायदा म्हणतो, पण तो खरं तर थांबण्याचा कायदा आहे. कितव्या तासाला भोंगा वाजणार हे आधी ठरवायचं, थकलेल्या माणसाच्या इच्छाशक्तीवर सोडायचं नाही. काळ्या झेंड्याचं तत्त्वही हेच.

महाराष्ट्राची रोजगार हमी, आणि तिच्या वाटेने आलेला 2005चा केंद्राचा कायदा, यांतही हे दिसतं. कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी आणि विश्रांतीची सोय असावी, असं 2005च्या कायद्यात लिहिलं गेलं. मॅरेथॉनचा आयोजक दर दोन-तीन किलोमीटरवर जे टेबल मांडतो तेच हे, मजुरांसाठी. फरक एवढाच की शर्यतीतलं टेबल नसलं तर धावपटू दुसऱ्या दिवशी एक स्टार देऊन रिव्ह्यू लिहितात.

तेंदूपत्त्यासारखं काम, जिथे मालक समोर नसतो आणि पैसे नगावर मिळतात, ते या सोयींच्या बाहेरच राहतं. दर उन्हाळ्यात फोनवर सूचना येते, की दुपारी 12 ते 3 उन्हात जाऊ नका, भरपूर पाणी प्या. सूचना बरोबर आहे. पण ती लिहिताना डोळ्यांसमोर असा वाचक आहे ज्याला न जाणं शक्य आहे. बाकीच्यांसाठी ती हवामानाची बातमी असते.

मग आपण काय करायचं? मी काही मोठी योजना मांडू शकत नाही. पण विचाराची दिशा दिसते. नगावर चालणाऱ्या कामात उन्हाच्या दिवसाचा खाडा भरून निघेल असा दर असणं. काळा झेंडा शर्यतीच्या मैदानाबाहेरही लागू होणं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडू नये याची सोय असणं. संकलन केंद्रावर सावली आणि पाणी असणं. यातलं काहीच रॉकेट सायन्स नाही. हौसेने पळणाऱ्यांसाठी आपण हे सगळं आधीच करून ठेवलंय, एक हजार रुपये फीमध्ये, टी-शर्टसकट.

आणि आपल्यापुरतं, म्हणजे ज्यांना थांबता येतं त्यांच्यापुरतं, त्याहून सोपं आहे. आमच्या ग्रुपला मी लेखी प्रस्ताव दिला आहे. नवतपा संपेपर्यंत चढावर 15 किलोमीटरच्या वर नाही. निघायच्या आधी परत फिरण्याची जागा आणि वेळ ठरलेली. सोबत एक बाईक. आणि कुणी बसला तर त्याच्यावर स्टिकर नाही. दादाने अजून उत्तर दिलेलं नाही, पण मेसेजला निळ्या टिका आल्या आहेत. झाडाखाली बसलेल्या पोराने मात्र बऱ्याच दिवसांनी ग्रुपवर काहीतरी टाकलं, नव्या टी-शर्टचं डिझाइन. पाठ कोरी आहे.